भूखंडाची हद्द आणि पाण्याची वाट

वाचकांचे प्रश्न : शिक्षण आणि व्यवसाय

(या महिन्यात नगरनियोजन आणि पर्यावरणशास्त्र या विषयांवर बरीच पत्रे आली. त्यांपैकी तीन पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार छापलेली नाहीत.)

प्रश्न : आदरणीय मॅडम, मी पंचवटीत राहते आणि यंदा बारावी विज्ञान शाखेची परीक्षा दिली आहे. गणित आणि जीवशास्त्र हे दोन्ही विषय मला मनापासून आवडतात. २०१६ च्या ऑगस्टमध्ये गोदेला पूर आला तेव्हा मी लहान होते, पण आमच्या दुकानातून चार दिवस बादल्यांनी काढलेला गाळ मला आजही आठवतो. शहराची आखणी कशी करतात हे मला शिकायचे आहे आणि नदी, माती, हवा यांचे शास्त्रही शिकायचे आहे. घरचे म्हणतात, दोन डगरींवर पाय ठेवू नकोस. हे दोन्ही विषय विद्यापीठात एकत्र शिकता येतात का, की एक निवडून दुसरा सोडून द्यावा? (बारावीची विद्यार्थिनी, पंचवटी)

उत्तर : सोडून देऊ नकोस. डगर म्हणजे नदीचा काठ, आणि तू म्हणतेस ते दोन्ही काठ एकाच नदीचे आहेत. मात्र दोन्ही विषय शिकायचे याचा अर्थ पहिल्या दिवसापासून दोन पदव्यांना नाव नोंदवायचे असा होत नाही. पाया एका विषयाचा भक्कम घालायचा आणि दुसरा विषय पहिल्या वर्षापासून सोबत ठेवायचा, असे माझे मत आहे. ते का, हे आधी सांगते, कारण प्रवेशाची माहिती कुठेही मिळेल, पण हे दोन विषय एकमेकांना कुठे भेटतात ते फारसे कोणी सांगत नाही.

तुझ्या घराजवळच ते भेटतात. गोदाकाठच्या पुराचे मोजमाप नाशिककर पिढ्यान्‌पिढ्या रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून करतात. पाणी त्याच्या गुडघ्याला लागले, कमरेला लागले, छातीला लागले, एवढे म्हटले की सराफ बाजारातल्या दुकानदाराला माल वरच्या माळ्यावर केव्हा हलवायचा ते कळते. पाणी नारोशंकराच्या मंदिराच्या घंटेला लागले म्हणजे महापूर, ही खूणही तशीच जुनी आहे. शासनाच्या कागदावर याच गोष्टीला पूररेषा म्हणतात. सरासरी २५ वर्षांतून एकदा येऊ शकेल एवढ्या पुराचे पाणी जिथवर पोहोचते ती निळी रेषा आणि १०० वर्षांतून एकदा येऊ शकेल एवढ्या पुराची ती लाल रेषा. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई असते, तर निळ्या आणि लाल रेषेच्या मधल्या पट्ट्यात ते काही अटींवरच करता येते. ही रेषा काढते कोण? पाऊस, पाणलोट, नदीपात्राचा छेद आणि धरणातून होणारा विसर्ग यांचे गणित मांडणारा शास्त्रज्ञ किंवा जलसंपदा विभागाचा अभियंता. आणि तिचा परिणाम कोणावर होतो? भूखंडाच्या मालकावर, बांधकाम परवानगी देणाऱ्या नगररचना विभागावर आणि त्या पट्ट्यात आधीच राहत असलेल्या कुटुंबावर. रेषा शास्त्राची असली, तरी तिचे ओझे नियोजनाला वाहावे लागते.

आता जरा गणित करू, कारण तुला ते आवडते असे लिहिले आहेस. ‘१०० वर्षांतून एकदा’ हे शब्द ऐकून लोकांना वाटते की एकदा पूर येऊन गेला, आता आपल्या हयातीत चिंता नाही. त्याचा खरा अर्थ असा की तो पूर कोणत्याही एका वर्षी येण्याची शक्यता १ टक्का असते, आणि ती दर वर्षी नव्याने असते. गृहकर्ज २० वर्षांचे धरले, तर त्या मुदतीत लाल रेषेपर्यंतचे पाणी निदान एकदा येण्याची शक्यता सुमारे १८ टक्के भरते आणि निळ्या रेषेपर्यंतचे पाणी येण्याची शक्यता सुमारे ५६ टक्के, म्हणजे निम्म्याहून अधिक. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार शहराचा विकास आराखडाही साधारण २० वर्षांच्या गरजा डोळ्यांसमोर ठेवून केला जातो. प्रत्यक्षात वेळ याहून अधिक लागतो; नाशिकचा १९९३ चा आराखडा सुधारून नवा मंजूर व्हायला २०१७ उजाडले. म्हणजे जो आराखडा आपण आज काढतो, त्याच्या आयुष्यात निळ्या रेषेपर्यंत पाणी येणार असे धरूनच तो काढला पाहिजे. ही टक्केवारी ज्याला मांडता येत नाही तो नियोजनकार अर्धवट शिकलेला, आणि मांडता येते, पण तिच्यापुढे त्या पट्ट्यातल्या माणसांचे काय करायचे हे ज्याने कधी शिकलेच नाही तो पर्यावरणतज्ज्ञही अर्धवटच शिकलेला, असे मी मानते.

दुसरी गोष्ट हद्दीची. नियोजनाचा सगळा कारभार हद्दींवर चालतो : गटाची हद्द, प्रभागाची हद्द, महापालिकेची हद्द. पाणी मात्र आपल्या उताराने चालते. नाशिक शहरावर जेवढा पाऊस पडतो त्याच्या कित्येक पट तो पश्चिमेला त्र्यंबकेश्वर-इगतपुरीच्या डोंगरांवर पडतो. त्यातले त्र्यंबकेश्वरच्या बाजूचे पाणी गंगापूर धरणात येते, धरण भरत आले की विसर्ग सुरू होतो आणि शहरात एक थेंब पाऊस नसतानाही रामकुंडावरची वाहतूक बंद करावी लागते. नासर्डी, वाघाडी, वालदेवी या उपनद्यांचे पाणी त्यात भर घालते ते वेगळेच. त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीच्या उतारावर डोंगर पोखरला गेला, तर त्याचा हिशेब नाशिकच्या घाटावर द्यावा लागतो. पण ब्रह्मगिरी नाशिक महापालिकेच्या नकाशात येत नाही. शहराच्या नकाशाखाली पाणलोटाचा नकाशा ठेवून दोन्ही एकदम वाचण्याची सवय लावणे, यालाच मी हे दोन विषय एकत्र शिकणे म्हणते.

याचे अगदी लहान प्रमाणातले उदाहरण दाखवते. मखमलाबाद किंवा गंगापूर गावाकडे एक एकराची द्राक्षबाग आहे असे धर. एक एकर म्हणजे सुमारे ४,०४७ चौरस मीटर. तिच्यावर ५० मिलिमीटर पाऊस पडला, तर सुमारे २ लाख लिटर पाणी पडले. ढोबळमानाने मोकळ्या जमिनीवरून त्यातले ३० टक्के वाहून जाते, बाकीचे मुरते किंवा थबकते. त्याच एकरावर इमारत, वाहनतळ आणि पेव्हर ब्लॉक आले की ९० टक्क्यांपर्यंत वाहून जाते. दहा हजार लिटरच्या टँकरच्या भाषेत सांगायचे, तर आधी सहा टँकर पाणी नाल्यात जात होते, आता अठरा जाते, आणि नाला मात्र पूर्वीएवढाच आहे किंवा दोन्ही बाजूंनी भिंत घालून आणखी अरुंद झाला आहे. हे एकरभर जमिनीचे झाले. नगररचना योजनेत शेकडो एकर जमीन एकत्र करून, रस्ते आणि मोकळ्या जागा काढून, मालकांना आकाराने लहान पण सुविधायुक्त अंतिम भूखंड परत दिले जातात. अशा योजनेला मखमलाबाद परिसरातल्या शेतकऱ्यांनी विरोध केला तेव्हा चर्चा बहुतेक मोबदल्याची आणि जमिनीच्या टक्केवारीची झाली. ती व्हायलाच हवी होती, पण त्या मातीत आज मुरणारे पाणी उद्या कुठे जाईल, हा प्रश्नही त्याच टेबलावर असायला हवा, असे मला कळकळीने वाटते. आपल्याकडे खाली काळा बेसाल्ट आहे. त्याच्या भेगांत आणि वरच्या मुरुमाच्या थरात जेवढे पाणी साठते तेवढेच विहिरीला मिळते. तो मुरूम तळघरासाठी उपसून टाकला की पाणी साठायची जागाही जाते.

हे दोन विषय मुळात वेगळे नव्हतेच. आधुनिक नगरनियोजनाच्या पहिल्या पिढीतले पॅट्रिक गेडिस हे स्कॉटिश गृहस्थ शिक्षणाने जीवशास्त्रज्ञ होते. ते १९१४ मध्ये भारतात आले, त्यांनी इथल्या कितीतरी शहरांचे अहवाल लिहिले आणि १९१९ पासून काही वर्षे मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्र शिकवले. वैद्य जशी आधी नाडी पाहतो, तशी आधी शहराची पाहणी आणि मग आराखडा, हा त्यांचा आग्रह होता. जुनी वस्ती सरसकट पाडून रुंद रस्ते काढण्याऐवजी ती शक्य तितकी राखून, नेमके जिथे आवश्यक तिथेच शस्त्र लावावे, असे ते सांगत. पुढे इयान मॅकहार्ग या दुसऱ्या स्कॉटिश नियोजनकाराने अमेरिकेत माती, उतार, पाणी, झाडोरा यांचे पारदर्शक नकाशे एकावर एक ठेवून कोणती जमीन बांधकामाला योग्य आणि कोणती नाही हे ठरवण्याची पद्धत रूढ केली. आज संगणकावर नकाशे हाताळणाऱ्या जीआयएस प्रणालीत आपण नकाशांचे जे थर लावतो, त्यामागे तोच विचार आहे.

आता व्यवहाराचे. तुझे गणित चांगले आहे, तर मी चार वर्षांच्या बी.प्लॅन.चा, म्हणजे नियोजनातल्या पदवीचा, पाया सुचवीन. दिल्ली, भोपाळ आणि विजयवाडा येथील स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर या केंद्रीय संस्थांत त्यासाठी जेईई मेनचा पेपर २ बी द्यावा लागतो आणि बारावीला गणित असावे लागते. पुण्याच्या सीओईपी विद्यापीठातही हा अभ्यासक्रम आहे. पहिल्या वर्षापासून स्टुडिओ असतो, म्हणजे एखादी प्रत्यक्ष वस्ती किंवा गाव घेऊन त्याची पाहणी, नकाशे, आराखडा आणि शेवटी परीक्षकांसमोर मांडणी. तो रात्री जागवतो. म्हणूनच दोन नियमित पदव्या एकाच वेळी करायच्या फंदात पडू नकोस, असे मी म्हटले. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ पासून एकाच वेळी दोन पदव्या करायला मुभा दिली आहे हे खरे. पण तासिका एकमेकींवर येऊ नयेत अशी अट आहे, आणि स्टुडिओच्या वेळापत्रकात दुसरी नियमित पदवी बसणे मला कठीण दिसते. त्याऐवजी निवडीचे विषय पर्यावरणाच्या बाजूचे घे : जलशास्त्र, परिसंस्था, हवेची गुणवत्ता, पर्यावरणीय आघात मूल्यांकन (प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल याचा अंदाज), सुदूर संवेदन (उपग्रहाच्या चित्रांवरून जमिनीचा अभ्यास). संख्याशास्त्र टाळू नकोस. मग पदव्युत्तर शिक्षणासाठी पर्यावरणीय नियोजनातले एम.प्लॅन., म्हणजे नियोजनाची पदव्युत्तर पदवी, आहे. परदेशातही काही विद्यापीठांत, उदाहरणार्थ मिशिगनला, नियोजन आणि पर्यावरण या दोन पदव्युत्तर पदव्या जोडून करण्याची सोय आहे, पण तो विचार आताच करायची घाई नाही.

प्रवेशाच्या धावपळीत एक दिवस मोकळा ठेव आणि वाघाडीच्या काठाने, जिथवर चालता येईल तिथवर, चालत जा. विकास आराखड्यातला त्या भागाचा नकाशा सोबत घे. काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका शहरात मी विद्यार्थ्यांना असेच नाल्याकाठी नेले होते. नकाशावर नाल्याची निळी रेघ होती, समोर मात्र फरशीचा रस्ता आणि दोन्ही बाजूंना गाळे. नाला कुठे गेला, कोणालाच सांगता येईना. शेवटी एका पंक्चरच्या दुकानातल्या आजोबांनी लोखंडी झाकण उचकटून दाखवले. खाली तीन फुटी सिमेंटचा पाइप होता, त्यातून काळे पाणी चालले होते आणि पाइपाच्या तोंडाशी प्लॅस्टिकच्या पिशव्यांचा बोळा अडकला होता. एका मुलीने त्या झाकणाशी बसून पाइपाचा व्यास टेपने मोजला आणि तिथेच वहीत पावसाचे गणित मांडले : वरच्या वस्तीचे तासाभराच्या जोरदार सरीचे पाणीसुद्धा त्या पाइपात मावत नव्हते. त्या दिवसापासून तिला कोणता विषय घेऊ असे विचारावे लागले नाही. तू टेप आणि वही घेऊन जा, शक्यतो एखाद्या मैत्रिणीला सोबत घे, आणि पावसाळ्यात पात्रात उतरू नकोस.

प्रश्न : माझ्या मुलाला असेच काही शिकायचे आहे. आमची शेती आहे, घरात नोकरदार कोणी नाही. पर्यावरणाच्या पदवीवर पोट भरेल का, एवढेच सांगावे. (एक पालक, निफाड)

उत्तर : आपली काळजी रास्त आहे, म्हणून स्पष्ट सांगते. सरकारी नोकरीच्या बाबतीत पदवीचे नाव फार महत्त्वाचे ठरते. नगररचना विभागातील सहायक नगर रचनाकारासारखी पदे महाराष्ट्र लोकसेवा आयोगामार्फत भरली जातात आणि त्यांना नियोजन, स्थापत्य अभियांत्रिकी, वास्तुशास्त्र अशा पदव्या लागतात. केवळ पर्यावरणशास्त्राची पदवी असलेला विद्यार्थी, त्याला विषय कितीही येत असला, तरी तिथे अर्जच करू शकत नाही. प्रवेश घेण्याआधी मागच्या दोन-तीन जाहिराती मिळवून त्यांतली शैक्षणिक अर्हता मुलासोबत बसून वाचावी.

पर्यावरणाच्या बाजूने कामे आहेत आणि ती कायद्यामुळे निर्माण झालेली आहेत. २००६ च्या अधिसूचनेनुसार २०,००० चौरस मीटर किंवा अधिक बांधकाम क्षेत्राच्या प्रकल्पाला पर्यावरणीय मंजुरी घ्यावी लागते; तिचे अहवाल सल्लागार संस्था तयार करतात. प्रत्येक महापालिकेला दर वर्षी पर्यावरण सद्यस्थिती अहवाल काढावा लागतो. हवेच्या गुणवत्तेत मागे पडलेल्या शहरांसाठी २०१९ मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू झाला, त्यात नाशिकही आहे. परंतु खासगी सल्लागाराकडे सुरुवातीचा पगार बेताचा असतो, हेही मुलाला माहीत असू द्या. निफाडचाच मुलगा असल्याने त्याच्याकडे एक भांडवल आधीच आहे असे मला वाटते. गोदावरी आणि कादवेच्या संगमावरचे नांदूर मध्यमेश्वर हे महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) त्याच्या तालुक्यात आहे, आणि नाशिक शहराचे सांडपाणी नदीने वाहत त्याच दिशेला येते. शहरात काय सोडले जाते आणि खालच्या शेतकऱ्याच्या पाण्याच्या मोटारीत काय येते, हे ज्याने घरी पाहिले आहे, त्याला हा विषय पुस्तकातून शिकणाऱ्यापेक्षा लवकर कळेल.

प्रश्न : मी पर्यावरणशास्त्रात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. आता मला शहरांच्या नियोजनाकडे वळायचे आहे. उशीर झाला का? एम.प्लॅन.ला प्रवेश मिळेल का? (एक विद्यार्थी, नाशिक रोड)

उत्तर : उशीर झालेला नाही, पण वाट एका वळणाने जाते. केवळ तीन वर्षांच्या बी.एस्सी.वर एम.प्लॅन.ला बहुतेक ठिकाणी थेट प्रवेश मिळत नाही. तिथे बी.प्लॅन., बी.आर्क. किंवा स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी लागते, अथवा भूगोल, अर्थशास्त्र, समाजशास्त्र आणि काही संस्थांत पर्यावरणशास्त्र यांतली पदव्युत्तर पदवी चालते. म्हणून तुम्ही आधी एम.एस्सी. करून मग एम.प्लॅन. करू शकता, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात पर्यावरणशास्त्राचा आणि भूमाहितीशास्त्राचा (संगणकावर नकाशे आणि जमिनीची माहिती हाताळण्याचे शास्त्र), असे दोन्ही अभ्यासक्रम आहेत. नियोजनाकडे जायचे पक्के असेल, तर मी भूमाहितीशास्त्र निवडायला सांगेन, कारण नकाशा हीच दोन्ही खात्यांना समजणारी भाषा आहे. एम.प्लॅन.साठी गेट ही राष्ट्रीय पातळीवरची प्रवेश परीक्षा उपयोगी पडते. तिचा ‘वास्तुशास्त्र व नियोजन’ हा पेपर पाहून ठेवा. दुसरी वाट मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची आहे. तिथे शहरी धोरण आणि कारभार, तसेच हवामानबदल या विषयांचे पदव्युत्तर अभ्यासक्रम आहेत आणि त्यांना इतर शाखांचे पदवीधरही जाऊ शकतात. मात्र ती पदवी तुम्हाला धोरण, संशोधन आणि स्वयंसेवी संस्थांच्या कामाकडे नेईल. आराखड्यावर सही करणाऱ्या पदाकडे नेणार नाही. यातले तुम्हाला काय हवे आहे हे आधी ठरवा.

शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी विषय सुचवा, असेही तुम्ही लिहिले आहे. २०२६-२७ चा सिंहस्थ कुंभमेळा आपल्या दारात आहे. तपोवनातल्या साधुग्रामपासून वाहनतळांपर्यंत, काही महिन्यांसाठी एक तात्पुरते शहर इथे वसते आणि मग उठते. प्रयागच्या २०१३ च्या कुंभाचा अभ्यास करायला हार्वर्ड विद्यापीठाचे नगररचना, आरोग्य, व्यवस्थापन अशा अनेक शाखांचे पथक आले होते. आपल्याला तर बसचे तिकीट काढून जाता येते. विषय लहान घ्या. रामकुंडाच्या वर एक, खाली एक आणि नासर्डीच्या संगमाखाली एक, अशा तीन ठिकाणी दर पंधरवड्याला एकाच वाराला, एकाच वेळी पाण्याचे नमुने घ्या आणि विरघळलेला प्राणवायू व जैवरासायनिक प्राणवायू मागणी (पाण्यातली घाण कुजवताना जीवाणूंना लागणारा प्राणवायू) मोजा. प्रत्येक ठिकाणाच्या वरच्या अंगाला कोणत्या वस्त्या, कोणते नाले, कोणती मोकळी जमीन आहे, ते क्यूजीआयएस या मोफत प्रणालीत नकाशावर मांडा. विरघळलेला प्राणवायू बाटली भरल्यावर तिथल्या तिथे स्थिर करावा लागतो, नाहीतर प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत आकडा बदलतो. आणि बाटली बुडवताना आत बुडबुडा राहू देऊ नका. नमुने पर्वण्यांच्या आधी, त्या काळात आणि नंतरही घेतले, तर तुमच्या हातात नाशिकचा स्वतःचा असा आधार असेल. एम.प्लॅन.च्या मुलाखतीत तुम्ही पर्यावरणाकडून नियोजनाकडे का येत आहात, असे नक्की विचारतील. तेव्हा तो नकाशा टेबलावर पसरा आणि तिसऱ्या ठिकाणापासून बोलायला सुरुवात करा.